कोंडीबा करांडे, हजर

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

तेरावं झालं. आज कामावर गेले. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा हळद निवडलेली बरी.

गोडाऊनच्या गेटवर तोंड दाखवायचं मशीन आहे. खांबावर बसवलेला काळा चौकोन. पुढं उभं राहायचं, तोंडाभोवती हिरवी चौकट येते, मग आतली टेपची बाई नाकातून नाव घेते. की झाली हजेरी.

रांगेत बायका जरा अंतर ठेवूनच उभ्या होत्या. माझं कपाळ मोकळं, त्यांना कुठं बघावं कळेना. मशीनपुढं गेले. "पुन्हा प्रयत्न करा." पदर मागं सारला. "पुन्हा प्रयत्न करा." मग चौकट हिरवी झाली आणि बाई म्हणाली —

"कोंडीबा करांडे. हजर."

रांगेतल्या सगळ्या माझ्याकडं वळल्या. नाथाजी वॉचमन फौजेतून रिटायर झालेला माणूस, पण त्याचाही चहा ओठापाशीच थांबला. आणि मी काय केलं? मागं वळून बघितलं! खरंच बघितलं. मागं उभे असतील म्हणून.

माझे मालक ते. याच गोडाऊनात हमाल होते. दिवाळी सरली आणि कडेगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले, ट्रॉलीला मागं लाल दिवासुद्धा नव्हता. दवाखान्यात चादर वर करून मला विचारलं, हेच का? मी तोंड बघून सांगितलं, हेच. आणि हे मशीन सांगतंय, हजर.

लग्नाला इतकी वर्षं झाली, उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. आज ते माझ्याच तोंडावर कुणीतरी घेतलं.

ऑफिसात गेले. धैर्यशील, गोडाऊनच्या शेठचा पुतण्या, सगळं तोच बघतो. म्हणाला, "वहिनी, मशीनची हजेरी हातानं बदलता येत नाही. एकदा बदलायला लागलो की पुन्हा मुकादमाचा जमाना. होईल उद्या नीट."

खोटं नव्हतं ते. मुकादम होता तेव्हा त्याच्याशी हसून बोलेल तिची हजेरी पूर्ण, माझी अर्धी. मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त खूश मीच झाले होते. म्हटलं, याला ना कुणी आवडती ना कुणी नावडती.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

आजही तेच. ह्यांचं नाव. बोर्डावर माझ्यापुढं लाल रेघ — गैरहजर. दिवसभर टेबलाशी उभी राहून हळकुंडं वेगळी केली, हात कोपरापर्यंत पिवळे झाले, आणि मी गैरहजर!

धैर्यशील म्हणतो, महिनाभर असंच राहिलं तर नाव आपोआप कमी होतं. "मी काही करत नाही हं वहिनी, ते सिस्टीम करते." ह्यांचं नाव काढायचं पत्र मशीनवाल्यांना साताऱ्याला पाठवलंय म्हणे. ते आले की बघू.

हिशेबातली श्रद्धा गोरीपान. गाडीवरून उतरते, गॉगल, तोंडाला स्कार्फ, चालता चालता नुसती मान वळवते — "श्रद्धा, हजर." तिचा राग नाही, चांगली पोरगी आहे. राग मशीनचा आला.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

घरी आले तर आत्या दारातच. आत्या म्हणजे माझी सासू, राहीबाई. मामंजी माघात गेले तेव्हापासून कडेगावचं घर बंद करून आमच्याकडं सांगलीतच असतात. हातात ह्यांचा फोन. काच फुटलेली आहे, पण चालू आहे. आत्या त्याला रोज चार्जिंगला लावतात. मी लावू देते. कुणी देवाला दिवा लावतं, त्या हे करतात.

म्हणाल्या, "शकू, रोज सकाळी वाजतोय ह्यो. आज शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतलं."

मी वाचलं. 'कोंडीबा करांडे, आपली हजेरी नोंदली आहे. आपला दिवस शुभ जावो.' सोमवारपासून रोज एक.

सगळं समजावून सांगितलं. मशीन चुकतंय, मी उभी राहते आणि ते ह्यांचं नाव घेतं. आत्यांनी ऐकून घेतलं. मग फोन पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "म्हंजी पोचतोय व्हय कामावर."

भाकरी थापायला बसले.


२९ नोव्हेंबर, शनिवार

आत्या आज माझ्याबरोबर गेटवर आल्या. डबा द्यायचं निमित्त. डबा मी घेतलाच होता.

"कुटं उबं ऱ्हायचं?" नाथाजीला विचारलं. नाथाजी म्हणाला, "आवं आक्का, तुमची नोंद न्हाई त्यात." तरी उभ्या राहिल्या. पाठीत वाकलेल्या, टाचा उंच करून. कपाळ माघापासून मोकळं.

"कोंडीबा करांडे. हजर."

आत्या हसल्या. ह्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसल्या. मशीनच्या काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "जेवलास का रं?"

नाथाजीनं तोंड फिरवलं. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. मलाही वाटलं, यात नवल काय? लेकाचं तोंड आईवरच जातं. आणि नवरा-बायको पुढं पुढं एकमेकांसारखी दिसायला लागतात असं म्हणतातच की. म्हणजे ह्यांचं काहीतरी आमच्या दोघींत उरलं असेल, आणि ते त्या चौकोनाला दिसत असेल. माणसाला दिसत नाही ते.

असं लिहिलं खरं. वाचून अंगावर काटा आला. तरी खोडत नाही.


१ डिसेंबर, सोमवार

थंडी पडली. हळदीची धूळ अंगावर नको म्हणून साडीवरून शर्ट घालतो आम्ही सगळ्याच. आज माझा सापडेना, ह्यांचा घातला. मशीननं आज एका दमात नाव घेतलं. पुन्हा प्रयत्न नाही, काही नाही.


२ डिसेंबर, मंगळवार

शर्ट सापडला होता. तरी ह्यांचाच घातला.

नाथाजी नकळत म्हणून गेला, "राम राम, कोंडीबा." मग जीभ चावली. "चुकलं बया माझं." मी म्हटलं, असू द्या. आणि आत गेले तर पाय निवडणीच्या टेबलाकडं न जाता हमालांच्या थप्पीकडं वळले. तिथं ह्यांचा पोती उचलायचा आकडा अजून खिळ्याला लटकतोय. हमाल बाजूला झाले, मला वाट दिली.

मशीनच्या काचेत माझं तोंड दिसतं आणि कोपऱ्यात ह्यांचा फोटो. मामंजी गेले तेव्हा ह्यांनी डोकं-मिशी काढली होती, त्या दिवसांतला. गुळगुळीत तोंड. डोक्यावर पदर घेतलेली मी आणि बिनमिशीचे हे. रोज थोडा वेळ जास्त उभी राहते मी. मागच्या बायका ढकलतात.


४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी हळदीकुंकू केलं. करंडा टेबलाभोवती फिरला. माझ्याजवळ आला, थबकला, पुढं गेला. दिवसभर हात हळदीतच असतात माझे. पण चिमूटभर लावायला कुणाचा हात होईना.

मशीन मला ओळखत नाही. आणि ह्या ओळखून पुढं जातात. कुणाला जास्त वाईट म्हणू?

संयोगिता तेवढी येऊन शेजारी बसली. तिचा नवरा उदयसिंह फौजेत, वर लडाखला. लहान आहे माझ्याहून, बोलायला फटकळ, माझ्यासारखीच. म्हणाली, "आक्का, तुजं नाव कमी हुईल. उद्या गेटवर माज्याकडनं टिकली घे. मोठी. आत गेलीस की काढ. तोंड बघत न्हाई ते मुडदं, टिकली बघतंय."

खरंच आहे. बारीक टिकली लावून आलं की मशीन दोनदा उभं करतं हे सगळ्या बायकांना माहीत आहे. म्हणून सगळ्यांच्या पिशवीत मोठ्या टिकल्यांचं पाकीट असतं. मी कधी विचारच केला नव्हता असं का.


५ डिसेंबर, शुक्रवार

लावली. नाथाजीच्या खोलीच्या मागं उभं राहून, चोरून.

"शकुंतला करांडे. हजर."

रडू आलं. स्वतःचं नाव ऐकून माणूस रडतं का? मी रडले. बोर्डावरची लाल रेघ गेली, हिरवी आली. मग टिकली काढून खांबाला चिकटवली आणि आत गेले. हलकं वाटलं दिवसभर.

घरी आले तर कुलूप. शेजारची पोरगी म्हणाली, आजी कवाच्या बाहेर पडल्यात. मी पळत सुटले. मार्केट यार्डाच्या चौकात सापडल्या, रस्त्याच्या कडेला, हातात तो फोन. येणाऱ्या-जाणाऱ्या हमालांना विचारत होत्या, "आमचा कोंडीबा बगितला का वो? आज कामावर गेलेला न्हाई."

फोनवर मेसेज होता. 'कोंडीबा करांडे, आपण आज गैरहजर आहात. कारण कळवावे.'


६ डिसेंबर, शनिवार

आत्यांना टिकलीचं कळलं. कुणी सांगितलं देव जाणे.

वाटलं, कुंकू लावलं म्हणून बोलतील. ते नाहीच. म्हणाल्या, "लाव नायतर नको लावूस, मला काय त्याचं. पर माज्या पोराला गैरहाजीर केलीस तू."

मी चिडले. फार चिडले. "आणि मी रोज गैरहजर होते ते? माझं नाव गेलं की खायचं काय आपण? हजेरी मेलेल्या माणसाची लागायची आणि काम जित्या बाईनं करायचं होय?"

आत्या भिंतीकडं तोंड करून बसल्या.

मेलेला. पहिल्यांदा म्हटलं मी. म्हटल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

आज टिकली लावली नाही. ह्यांची हजेरी लागली.


९ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

पलीकडच्या टेबलावर तानूबाई आहेत. विधवा होऊन जमाना झाला. फेब्रुवारीत, हळदीच्या मुहूर्ताच्या सौद्यादिवशी आम्हा बायकांचे मशीनसाठी फोटो काढले, तेव्हा त्या नव्हत्याच. मुहूर्ताच्या पूजेला त्या येत नाहीत, येऊ देत नाहीत, त्यांनाही सवय झालीय. पुढं 'काढू, काढू' करत राहून गेलं, त्यांची हजेरी श्रद्धा हातानं लावायची. आजपासून ते बंद. म्हणून आज तानूबाई पहिल्यांदाच मशीनपुढं उभ्या राहिल्या.

"कोंडीबा करांडे. हजर."

मी त्यांच्या मागंच होते. ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तानूबाईंचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. "माझ्या मालकांचं नाव आहे ते!" म्हातारी बाई भेदरली. "मी कुटं मागितलं गं तुज्याकडं?" म्हणाली.

मग डोक्यात उजेड पडला, आणि तो नको होता. तानूबाई ह्यांच्या कोण? कुणी नाहीत. रंग काळा, कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. बस. तेवढंच माझं. तेवढंच आत्यांचं. त्या चौकोनाला ह्यांचं काही दिसत नव्हतं आमच्यात. आमचंच काही दिसत नव्हतं.

पंधरा दिवस मी त्याच्यापुढं उभी राहत होते, नवऱ्याला भेटल्यासारखी. मूर्ख बाई मी. लाज वाटते, आणि ह्यांची परत एकदा आठवण येते, पहिल्या दिवसासारखी.

तानूबाईंची माफी मागितली. म्हणाल्या, "बाईमाणूस मोकळ्या कपाळानं आलं की कुनालाच दिसत न्हाई. मशीनला काय बोल लावतीस?"


१२ डिसेंबर, शुक्रवार

साताऱ्याहून मशीनवाला आला. वरद नाव. पोरगा गुणी आहे, तोंडावर खरं बोलला.

त्यानं आमचे फोटो काढून दाखवले. मुहूर्ताच्या दिवशीचे. पूजा झालेली, सगळ्यांच्या कपाळभर मळवट, गालाला हळद. आम्हीच नटून गेलो होतो, फोटो काढणार म्हणून! मशीन तो मळवटच धरून बसलं. पुरुषांचे दुसऱ्या दिवशी काढले, साधे. त्यात सगळे मिशीवाले, एकटे हे सुतकातले, बिनमिशीचे. म्हणून मोकळ्या कपाळाची काळी बाई आली की ते सगळ्यात जवळचं तोंड शोधतं, आणि तिथं हे.

मी विचारलं, "पण श्रद्धा तर गॉगल लावून, तोंडाला स्कार्फ बांधूनसुद्धा ओळखू येते."

तो जरा घुटमळला. म्हणाला, "मावशी, याला शिकवताना जे चेहरे दाखवले ना, ते बहुतेक गोरे. आणि बहुतेक पुरुष. तुमच्यासारखे फार कमी."

"मग अर्धवट शिकलेल्याला गेटवर कशाला बसवलं?"

वरद खाली बघायला लागला. धैर्यशील हसला. म्हणाला, "शंभरात दोन-तीन बायकांचाच घोळ आहे वहिनी, बाकी सगळं बरोबर चालतं. सगळ्यांचे फोटो परत काढायचे म्हणजे एक दिवस काम बंद. त्यापेक्षा तुम्ही टिकली लावा ना. आता कोण मानतं हे? एवढं पुढारलेलं बोलतोय मी."

मी म्हटलं, "लावावी का न लावावी ते मी ठरवीन. नाहीतर माझी सासू ठरवेल, भावकी ठरवेल, भांडू आम्ही. तुमच्या डब्यानं का ठरवायचं?"

हसणं थांबलं त्याचं. पण फोटो काढायचं काही बोलला नाही.


१४ डिसेंबर, रविवार

संयोगिता घरी आली. मेथी निवडत निवडत म्हणाली, "आक्का, उद्या आमी सगळ्या मोकळ्या कपाळानं उबं ऱ्हातो. बगू किती कोंडीबा हाजीर हुत्यात ते."

आत्या कोपऱ्यातून बोलल्या. आठवडाभरात पहिल्यांदा. "जित्या नवऱ्याचं कुंकू आपल्या हातानं पुसू नगं गं पोरी. तुजा तर वर बर्फात हाय."

"आत्या, तिकडली गोळी कुंकू बगून थांबत न्हाई."

"थांबत न्हाई. पर बोलावू बी नये."

संयोगिता हसली. मी नाही. मी म्हटलं, नको, राहू दे, माझं मी बघते. तिनं मेथी माझ्याकडं सरकवली. "तुज्यासाटी न्हाई करत. उद्या माज्यावर आली तर? मग माजं नाव कोन घेनार?"

तेवढ्यात उदयसिंहचा फोन आला. त्याचा फोन दर रविवारीच येतो. इतक्या मोठ्यानं बोलत होता की आत्यांनाही ऐकू गेला.


१५ डिसेंबर, सोमवार

केलं त्यांनी.

संयोगिता सगळ्यात पुढं. मशीनपुढं उभी राहून टिकली काढली, खांबाला चिकटवली, कपाळ पदरानं पुसलं. उघडं कपाळ जरा फिकट दिसत होतं, तान्ह्या पोराच्या टाळूसारखं.

"कोंडीबा करांडे. हजर."

मग दुसरी. "कोंडीबा करांडे. हजर." मग तिसरी. काहींचे हात कपाळापर्यंत जाऊन परत आले. एक तर रांग सोडून घरी गेली, तिच्यावर माझा राग नाही. पण बाकीच्या येत राहिल्या, टिकल्या निघत राहिल्या, खांब लाल झाला, आणि ती बाई नाकातून म्हणत राहिली — कोंडीबा करांडे, कोंडीबा करांडे, कोंडीबा करांडे. तोच आवाज, चढ नाही, उतार नाही. हमाल पोती खाली ठेवून उभे. वाटलं, एवढ्या हाका मारल्यावर कुणीतरी ओ देईल. मी कानावर हात ठेवले.

बोर्डावर सगळ्या बायका गैरहजर. धैर्यशील बाहेर आला. बोर्ड बघितला, खांब बघितला. म्हणाला, "बंद करा ते आधी." नाथाजीनं वायर ओढली.

वरदला परत बोलावलंय.


१६ डिसेंबर, मंगळवार

सगळ्यांचे फोटो परत काढले. कपाळ मोकळं ठेवूनच, म्हणजे मशीन तोंड शिकेल. तानूबाईंचाही काढला. आता सगळ्यांनी टिकली आत जाऊन लावायची. वरद म्हणाला, "थोडे दिवस इकडचं तिकडं होईल, मग बसेल." काम बंद नाही पडलं, दुपारपर्यंत झालं. मग इतके दिवस कशाला अडून बसले होते?

शेवटी त्यानं विचारलं, "मावशी, ते एक नाव काढायचं ना? कुठलं ते सांगा." त्याला माहीत होतं. पण सांगावं लागतं म्हणे.

मी म्हटलं, "आधी एकदा उभी राहू दे."

उभी राहिले. नवे फोटो अजून मशीनमध्ये चढायचे होते. ह्यांचा शर्ट घातला होता. "कोंडीबा करांडे. हजर." कोपऱ्यात तो बिनमिशीचा फोटो.

मग मी नाव घेतलं. उखाण्यात नव्हे, तसंच, सगळ्यांसमोर. "कोंडीबा शिदू करांडे." वरदनं बोट लावलं. फोटो गेला.

घरी आत्यांना सांगितलं. वाटलं रडतील. फोन पदराखाली घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "कामावर न्हाई म्हंजी आता घरी यील."


१७ डिसेंबर, बुधवार

शकुंतला करांडे, हजर. कपाळ मोकळं, एका दमात. तानूबाईही. बायकांची रांग बघितली तर कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही, काही कळत नव्हतं. तानूबाई आज रांगेच्या मधोमध उभ्या होत्या.


१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. संयोगितानं करंडा माझ्यापुढं धरला. "तुला लावायचं का नको?" विचारलं. लावते म्हणाले. बाकीच्या बघत राहिल्या.

घरी आत्यांनी कपाळाकडं बघितलं आणि ताट वाढलं.


१९ डिसेंबर, शुक्रवार

रांगेत संयोगिता माझ्यापुढं. फोन आत न्यायचा नाही, म्हणून गेटवरच्या खणात ठेवला. वाजला तर नाथाजी उचलून निरोप घेतो. ती मशीनपुढं उभी राहिली. चौकट लगेच हिरवी झाली.

"शकुंतला करांडे. हजर."

सगळ्या हसल्या. तीही हसली, "आता माजी पाळी," म्हणाली आणि आत गेली. मी तिथंच थांबून तिच्या पाठीकडं बघत राहिले.

खणात तिचा फोन वाजला. नाथाजीनं घेतला. "जी साहब," म्हणाला, आणि खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला.

आत संयोगिता पिशवीत टिकल्यांचं पाकीट शोधत होती.